फाटक बंद झाले, कर्तव्य नव्हे!

केंद्र शासनाच्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आणि गिरणीच्या चाळीचाळींतून ‘फॅक्टरी ॲक्ट’ या नावाने ओळखला जाणारा १९४८ चा कायदा इतिहासजमा झाला. खानदेशात त्याच्या निधनाबद्दल कोणी दोन अश्रू ढाळल्याचे आमच्या ऐकिवात नाही. यात नवल असे काहीच नाही. ज्या गिरणी कामगारांसाठी तो कायदा मुख्यतः झाला, त्यांच्या गिरण्याच त्याच्या आधी गेल्या. जळगावची गिरणी गेली, चाळीसगावची गेली, धुळ्याची गेली. भोंगा थांबला, फाटकाला कुलूप लागले; आणि त्या फाटकाच्या आत जे उपाहारगृह होते, जो दवाखाना होता, जे पाळणाघर होते, तेही त्याच दिवशी बंद झाले. नव्या संहितेचे स्वागत करावे की निषेध, यावर पंडितांची खडाजंगी चालू आहे. आम्हांस त्या वादात आज पडावयाचे नाही. आम्हांस विचारावयाचा आहे तो याहून जुना आणि याहून साधा प्रश्न. कामगाराचे कल्याण ही मालकाची कृपा, की कामगाराचा हक्क, की गिरणी चालू असेपर्यंतची केवळ एक सोय?

खानदेश हा कापसाचा मुलूख. तापी-गिरणा-पांझरेच्या काळ्या जमिनीत कापूस पिकला, त्याच्यामागोमाग रेल्वे आली, आणि रेल्वेमागोमाग गिरणी. मूळजी जेठा यांच्या नावाशी जोडलेली जळगावची खानदेश मिल १८७० च्या दशकातली; विसाव्या शतकाच्या आरंभी अमळनेरला प्रताप मिल उभी राहिली, आणि पुढे धुळ्यास न्यू प्रताप व चाळीसगावास लक्ष्मीनारायण मिल अशी ही मालिका पुरी झाली. या गावांचे शहरपण या गिरण्यांनी घडविले. पगाराच्या दिवशी बाजार कसा फुलत असे, किराणा दुकानदाराची उधारीची वही कशी कोरी होत असे, हे सांगणारी माणसे आजही आपल्या घराघरांत आहेत. आमच्या वाचकांपैकी कितीतरी जणांचे वडील वा आजोबा याच गिरण्यांत कारकून, जॉबर, फिटर किंवा साचेवाले होते. त्यांच्या पगारावर झालेल्या शिक्षणानेच आज आपण ‘सुशिक्षित मध्यमवर्ग’ म्हणवून घेतो, याचे विस्मरण होऊ नये.

त्या काळचे कल्याण हे बहुतांशी मालकाच्या मनाचे मोठेपण होते. अमळनेरचे श्रीमंत प्रतापशेठ यांचे दातृत्व कोणीही नाकारणार नाही. १९१६ साली स्थापन झालेले तत्त्वज्ञान मंदिर, साने गुरुजी जेथे शिक्षक होते ते हायस्कूल, १९४५ साली निघालेले महाविद्यालय, या सर्वांवर त्यांच्या नावाची मुद्रा आहे. परंतु दातृत्व आणि न्याय या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा धडाही याच अमळनेरने शिकविला. धुळे-अमळनेरच्या गिरणी कामगारांना संघटित करण्यासाठी साने गुरुजींसारख्या कोमल अंतःकरणाच्या माणसाला पुढे व्हावे लागले. १९४६ साली त्याच गावात कामगारांवर गोळीबार झाला आणि श्रीपत पाटील यांच्यासारखा कामगारांचा पुढारी त्यात बळी पडला. ज्या गावात ज्ञानाचे मंदिर आहे, त्याच गावात मजुरीच्या प्रश्नावर रक्त सांडते, याचा अर्थ एवढाच की दान कितीही मोठे असले तरी ते हक्काची जागा घेऊ शकत नाही. दान देणाऱ्याच्या इच्छेवर जगते. हक्क घेणाऱ्याच्या पायावर उभा राहतो.

हे ओळखणारी माणसे आपल्याकडे फार पूर्वी होऊन गेली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली ती १८९० साली. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस रेगे समितीने देशभरातील कामगारांच्या स्थितीची पाहणी केली आणि ‘कल्याण’ या शब्दाची व्याप्ती स्पष्ट केली. कायद्याने जे द्यावयासच हवे, करारात जे ठरलेलेच आहे, त्याच्याही पलीकडे कामगाराच्या शरीराच्या, बुद्धीच्या व संसाराच्या उन्नतीसाठी जे केले जाते ते कल्याण, असा तिचा आशय होता. स्वातंत्र्य मिळताच त्यातील पुष्कळसा भाग १९४८ च्या कायद्यात आला. अडीचशेंहून अधिक कामगार असतील तेथे उपाहारगृह हवे आणि उन्हाळ्यात पिण्यास गार पाणी हवे; दीडशेंहून अधिक असतील तर विश्रांतीची व जेवणाची जागा हवी; पाचशेंहून अधिक असतील तर रुग्णोपचाराची खोली व वेगळा कल्याण अधिकारी हवा; पन्नासांहून अधिक स्त्रिया असतील तर पाळणाघर हवे. पाळणाघराची ही मर्यादा १९७६ साली तीस स्त्रियांवर आणली गेली. जळगाव-भुसावळचा उन्हाळा ज्याने अंगावर घेतला आहे, पारा पंचेचाळीस अंशांच्या वर गेलेला असताना ज्याने रिंग खात्यातील दमट उष्म्यात पाळी काढली आहे, त्याला ‘गार पाणी’ या दोन शब्दांचे मोल कोणी सांगावयास नको.

याच सुमारास मुंबई राज्याने आणखी एक पाऊल टाकले, आणि आमच्या मते ते अधिक दूरदृष्टीचे होते. १९५३ सालच्या कामगार कल्याण निधीच्या कायद्याने एक मंडळ स्थापन झाले. कामगार, मालक आणि शासन या तिघांच्या वर्गणीतून ते चालावे आणि त्याची केंद्रे गिरणीच्या आवारात नव्हे, तर कामगारांच्या वस्तीत असावीत, अशी ही योजना. शिवणवर्ग, शिशुमंदिर, वाचनालय, व्यायामशाळा आणि कामगारांची ती प्रसिद्ध नाट्यस्पर्धा ही याच योजनेची फळे. कल्याण फाटकाच्या बाहेरही असू शकते, ही कल्पना तेव्हाच मान्य झाली होती. दुर्दैव एवढेच की ती मुख्य प्रवाह न होता गिरणीतील सोयींची पुरवणी म्हणून राहिली.

साठीच्या दशकात गिरण्या आजारी पडू लागल्या. यंत्रे जुनी झाली होती, नफा वाटला गेला होता, नव्या यंत्रांसाठी पैसा उरला नव्हता. तेव्हा शासन मालक झाले. १९६६ साली महाराष्ट्र राज्य वस्त्रोद्योग महामंडळ निघाले, १९६८ साली राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ. १९७२ च्या ऑक्टोबरअखेर केंद्राने आजारी गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले आणि १ एप्रिल १९७४ पासून १०३ गिरण्या राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. त्या यादीत चाळीसगावची लक्ष्मीनारायण आणि धुळ्याची न्यू प्रताप या आपल्या दोन गिरण्याही होत्या. कामगारांना वाटले, आता मालक म्हणजे आपलेच सरकार. आता नोकरीही टिकेल आणि सोयीही वाढतील.

यातील पहिली आशा बऱ्याच अंशी फळली, हे न्यायबुद्धीने सांगितलेच पाहिजे. शासनाने हात दिला नसता तर या गिरण्या कितीतरी आधी मोडीत निघाल्या असत्या. सुमारे पाव शतक हजारो घरांत चूल पेटत राहिली, भविष्यनिर्वाह निधीचे हप्ते पडत राहिले, मुले शाळेत जात राहिली. गरिबांसाठी नियंत्रित दराचे कापड काढण्याचा भारही याच गिरण्यांनी वाहिला, आणि त्यातील तोटा सोसला. ‘सरकारी गिरणी म्हणजे पांढरा हत्ती’ असे उपहासाने म्हणणाऱ्यांनी या हत्तीच्या पाठीवर कोण बसले होते तेही पाहावे.

परंतु दुसरी आशा फळली नाही. खाजगी मालकाच्या काळात कामगार, मालक आणि कायदा असे तीन पक्ष होते. कामगाराची तक्रार असेल तर तो मालकाविरुद्ध शासनाकडे जाई. शासन स्वतःच मालक झाले तेव्हा वादी, प्रतिवादी आणि पंच यांतील दोन आसने एकाच्याच वाट्याला आली. गिरणी तोट्यात, यंत्रे जुनी, निधी अपुरा. अशा स्थितीत अंदाजपत्रकाची कात्री प्रथम कोठे चालते हे घर चालविणाऱ्या गृहिणीसही ठाऊक आहे. ज्याची ओरड सर्वांत कमी, त्या खर्चावर. पगार थांबला तर मोर्चा निघतो. उपाहारगृहाचे छप्पर गळले तर कोणी मोर्चा काढीत नाही. शासनाने मालकी घेतली, पण आदर्श मालक कसा असावा याचा वस्तुपाठ घालून देण्याची जी संधी त्या मालकीत होती, ती दवडली. आम्ही शासनास दोष देतो तो तोट्याबद्दल नव्हे, या दवडलेल्या संधीबद्दल.

शेवटी जे व्हावयाचे ते झाले. २००२ साली मंजूर झालेल्या पुनर्रचनेच्या योजनांनंतर ज्या गिरण्या चालविणे परवडत नाही असे ठरले, त्या स्वेच्छानिवृत्तीची रक्कम देऊन बंद करण्यात आल्या. चाळीसगाव व धुळे त्यांतच गेले. ज्या गिरण्या राष्ट्रीय महामंडळाने राखल्या होत्या, त्यांची चाके मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबली. जळगावची खानदेश मिल त्यापूर्वीच, १९८० च्या दशकात बंद पडली होती. तिच्या जागेवर आज व्यापारी संकुल उभे आहे आणि आपण तेथे हौसेने खरेदीस जातो. त्यात गैर काही नाही. मात्र मुंबईत गिरण्यांच्या जमिनीचा विकास होताना १९९१ च्या नियमावलीने त्यातील वाटा सार्वजनिक जागेला व घरांना राखून ठेवला, आणि पुढे गिरणी कामगारांसाठी घरांच्या सोडती निघाल्या. तो नियम मुंबईचा. खानदेशच्या गिरणी कामगाराने त्याच वर्षांत, त्याच कापसाच्या धुळीत फुप्फुसे झिजविली होती. पण तो मुंबईकर नव्हता, एवढाच त्याचा अपराध!

या धुळीबद्दल दोन शब्द लिहिणे भाग आहे. पिंजणाच्या आणि कार्डिंगच्या खात्यांत वर्षानुवर्षे काम करणाऱ्यास ‘बिसिनोसिस’ नावाचा श्वासाचा विकार जडतो. सुटीनंतर कामावर जाताच, म्हणजे बहुधा सोमवारी, छाती आवळल्यासारखी होते. पुढे तो दम कायमचा होतो. कायद्याच्या अनुसूचीत हा व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेला आहे. गिरणी बंद झाल्याने हा रोग बरा होत नाही. गिरणीचा दवाखाना बंद झाला, कामगार साठीस आला, निवृत्तिवेतन हाती पडले ते किती? २०१४ साली ज्याची किमान मर्यादा दरमहा १,००० रुपये ठरली, ते. दमा गिरणीने दिला आणि औषध मात्र ज्याचे त्याने घ्यावे, हा कोणता हिशेब?

येथवर वाचून कोणी म्हणेल, गिरण्या गेल्या, कामगार म्हातारे झाले. हा सारा गतकाळाचा विलाप आहे. तसे असते तर आम्ही पहिल्या पानाची जागा त्यासाठी अडविली नसती. गिरण्या गेल्या म्हणून वस्त्रोद्योग गेला नाही. तो लहान लहान तुकड्यांत विखुरला. धुळ्यात यंत्रमागांचे कारखाने आहेत. एकेका पत्र्याच्या छपराखाली मोजके माग आणि मोजकीच माणसे, मजुरी नगावर किंवा मीटरवर, पाळी बहुधा बारा तासांची. जळगाव जिल्ह्यात हंगाम सुरू झाला की जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने धडधडू लागतात. रुई आणि सरकीच्या ढिगांत स्त्री-पुरुष हंगामापुरते राबतात आणि हंगाम संपताच विसरले जातात. धुळ्याजवळ मोराण्याला, तसेच शिरपूरला शेतकऱ्यांच्या सहकारी सूतगिरण्या निघाल्या. राज्याच्या २०२३ ते २०२८ च्या वस्त्रोद्योग धोरणाने २५,००० कोटी रुपयांची गुंतवणूक, ५ लाखांपर्यंत रोजगार आणि कापसावरील प्रक्रिया ३० टक्क्यांवरून ८० टक्क्यांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. म्हणजे आपल्या भागात कापड कामगार उद्याही असणार आहे, आणि धोरण सफल झाले तर आजच्याहून अधिक असणार आहे. प्रश्न एवढाच की त्याला बसावयास सावली, प्यावयास गार पाणी आणि मुलाला पाळणा मिळणार की नाही.

नव्या संहितेत या प्रश्नाचे उत्तर अर्धे आहे. जे बरे आहे ते आम्ही मोकळ्या मनाने बरे म्हणतो. उपाहारगृहाची मर्यादा अडीचशेंवरून शंभर कामगारांवर आली आणि त्या गणनेत कंत्राटी कामगारही धरले गेले. कल्याण अधिकारी पाचशेंऐवजी अडीचशे कामगारांमागे हवा असे ठरले. पाळणाघरासाठी पूर्वी केवळ स्त्रियांची संख्या मोजीत. त्यामुळे स्त्रिया मर्यादेच्या आत ठेवण्याचा किंवा त्यांना घ्यावयाचेच नाही असा मोह मालकास होई. आता पन्नासांहून अधिक कामगार, मग ते स्त्री असोत वा पुरुष, असा दंडक आला. मूल हे एकट्या आईचे नसते, हे कायद्याने एकदाचे ओळखले!

परंतु दुसऱ्या बाजूस, विजेवर चालणारा कारखाना म्हणजे ‘फॅक्टरी’ ठरण्याची मर्यादा दहा कामगारांवरून वीसवर गेली, आणि सामान्यतः दहांहून कमी माणसे असतील तेथे सुरक्षेची ही संहिताच पोचत नाही. धुळ्याच्या यंत्रमागाच्या छपराखाली जर पाच-सात माणसेच असतील, तर त्यांच्यासाठी शंभर, पन्नास आणि अडीचशे हे आकडे आकाशातील ताऱ्यांसारखे आहेत. दिसतात सुंदर, हाती लागत नाहीत. गिरणीत दोन हजार कामगार एका छपराखाली होते म्हणून त्यांना हक्क होता. तेच दोन हजार तीनशे छपरांखाली वाटले गेले की हक्क नाहीसा. माणसे तीच, माग तेच, उन्हाळा तोच. फक्त भिंती वाढल्या. भिंतींच्या संख्येवर माणसाचा हक्क ठरावा, हे आम्हांस तर्काला धरून वाटत नाही.

यावर यंत्रमागधारकाचे उत्तर आम्हांस ठाऊक आहे, आणि ते फेटाळून लावण्याजोगे नाही. सुताचे भाव स्थिर नाहीत, विजेचे बिल वाढते आहे, कापडाचा व्यापारी पैसे महिनोन्‌महिने थकवितो. आठ मागांचा धनी हा पुष्कळदा स्वतःच मागावर उभा राहणारा कामगार असतो. त्याने उपाहारगृह कोठून बांधावे? मान्य. त्याने एकट्याने बांधू नये. पण संहितेनेच पाळणाघराच्या बाबतीत वाट दाखविली आहे. अनेक उद्योगांनी साधने एकत्र करून सामाईक पाळणाघर चालवावे, किंवा शासनाच्या, नगरपालिकेच्या वा संस्थेच्या पाळणाघराचा उपयोग करावा, अशी मुभा तिने दिली आहे. जे पाळण्याला लागू ते ताटाला, पाण्याला आणि दवाखान्याला का लागू नसावे? आणि यासाठी नवे खाते निर्माण करण्याचीही गरज नाही. १९५३ च्या कामगार कल्याण निधीच्या कायद्याची कक्षा पाच माणसांच्या आस्थापनेपर्यंत पोचते. ज्या माणसाला नवी संहिता पाहू शकत नाही, त्याला हा जुना कायदा पाहू शकतो. यंत्रमागांच्या वस्तीत आणि जिनिंगच्या पट्ट्यात मंडळाने केंद्रे काढावीत, महानगरपालिकेने जागा द्यावी, मालकांच्या संघटनेने वर्गणीचा वाटा उचलावा. ही मागणी अवास्तव आहे असे कोणी म्हणू नये.

सहकारी सूतगिरण्यांची गोष्ट आणखी सरळ आहे. त्यांच्या भांडवलाचा प्रचलित आकृतिबंध ५:४५:५० असा आहे. सभासदांचे पाच टक्के, शासनाचे पंचेचाळीस आणि उरलेले कर्ज. ज्या उद्योगात शासनाचा असा वाटा आहे, त्या उद्योगाच्या वागणुकीबद्दल शासनास हात झटकता येणार नाही. भागभांडवलाचा पुढचा हप्ता किंवा वीजदराची पुढची सवलत देण्यापूर्वी, ताळेबंदाबरोबर कल्याणसोयींची तपासणी झाली पाहिजे; आणि तीही कागदावर नव्हे. याबाबतीत आम्ही आमच्याच जळगावच्या एका खटल्याचे स्मरण देतो. खानदेश मिल आणि राष्ट्रीय गिरणी कामगार संघ यांच्यातील बोनसच्या वादात १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने असे तत्त्व घालून दिले की राखीव निधी खेळते भांडवल म्हणून वापरल्याची नोंद केवळ ताळेबंदात आहे, एवढ्याने ती सिद्ध होत नाही. मालकाने पुरावा दिला पाहिजे आणि कामगारांना तो तपासून पाहण्याची संधी मिळाली पाहिजे. बोनसच्या पैशास जी कसोटी, तीच कल्याणाच्या सोयींस लावा. ‘उपाहारगृह आहे’ असे अहवालात लिहिलेले पुरे नाही. तेथे जेवणाऱ्याची साक्ष काढा.

बंद गिरण्यांच्या ज्या जमिनी शासनाच्या ताब्यात वा नियंत्रणात आहेत, त्यांचे काही करावयाचे असेल तेव्हा त्यांतील एक तुकडा त्या गावाच्या कामगारांच्या नावाने राखून ठेवावा, अशी आमची शेवटची सूचना. तेथे पुतळा नको, स्मारकही नको. श्वासाच्या विकारांवर उपचार करणारा एक दवाखाना असावा, शेजारी कामगारांच्या मुलांसाठी एक वाचनालय असावे. ज्या भूमीने धूळ दिली, त्याच भूमीने श्वास द्यावा.

या सर्वांशी आमचा काय संबंध, असे सुशिक्षित वाचकाने कृपा करून म्हणू नये. आपण अंगावर घालतो त्या सदऱ्याचे सूत कोणीतरी कातलेले असते, कापड कोणीतरी विणलेले असते. आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाईचा नवरा यंत्रमागावर असतो, रिक्षा चालविणारा वृद्ध कधीकाळी रिंग खात्यात असतो. गिरणी होती तेव्हा या माणसांना एक पत्ता होता, एक तिकीट नंबर होता, एक संघ होता. आज त्यांना यांतले काहीच नाही, म्हणून ते आपल्याला दिसत नाहीत. जे दिसत नाही ते नाही असे मानणे सोयीचे असते, प्रामाणिकपणाचे नसते.

गिरणीचे कल्याण फाटकाला बांधलेले होते, म्हणून फाटकाबरोबर गेले. यापुढे ते माणसाला बांधले पाहिजे. तो कोणत्या छपराखाली काम करतो, तेथे किती जण आहेत, छपराचा मालक शेठ आहे, सहकारी संस्था आहे की सरकार, हे प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न, त्याला तहान लागते की नाही? उत्तर आकडेमोडीविना देता येण्यासारखे आहे. शासनाने ते द्यावे, आणि पुढचा उन्हाळा येण्यापूर्वी द्यावे.